जोडाखालची

आंघोळीच्या पाण्याला आज धुराचा वास येत होता आणि तो रोजच्या धुराचा नव्हता, एवढं रजनीच्या नाकानं टिपलं होतं. पण सोमवारची सकाळ, दहाला पोस्टाचं काउंटर उघडायचं. अशा वेळी धुराची जात कोण विचारत बसतं! केसांना टॉवेल गुंडाळून ती अनवाणीच मागच्या अंगणात आली आणि तिचा पाय गार ओल्यात पडला. नळ गळत असेल, असं तिला आधी वाटलं. पण नळ पार त्या टोकाला. तिनं पाय वळवून पाहिला, तर तळवा निळा. मोरचूद आणि चुना. हा रंग तिच्या फार ओळखीचा. जन्मभर तो बाबांच्या नखांत आणि बनियनच्या काठाला होता. संत्र्याच्या झाडांच्या बुंध्यांना पांढुर्ण्यात हाच रंग फासतात. तो आपल्या अंगणात, आपल्या पायाला कसा, हे कळायच्या आधी तिच्या ओल्या मानेला ऊन लागलं. या जागेवर ऊन पडत नसे. गेल्या तीस वर्षांत पडलं नव्हतं. मान वर केली की पाहावं लागेल, म्हणून ती थोडा वेळ नुसती त्या निळ्या ओलीत उभी राहिली.

वर मांडवाच्या तारा तेवढ्या शिल्लक होत्या. द्राक्षाच्या वेलीचे वाळके तणावे तारांना अजून घट्ट गुंडाळलेले होते आणि वेल गेली होती. खाली गुडघाभर उंचीचं जुनं खोड उभं होतं, त्याच्या डोक्यावर ती मुठीएवढी गाठ, गाठीवर बोटभर वाळकं लाकूड. गाठीच्या वीतभर खालून फुटून, मनगटाएवढी जाड होऊन जी वेल मांडवावर चढली होती, ती खोडाला घासून करवतीनं कापलेली. कापणारा कुणी अडाणी नव्हता. काप एकसारखा, कुठे साल फाटलेली नाही, आणि जखम पिकू नये म्हणून वर निळी पेस्ट फासलेली. पण माघ संपत आला होता, मुळांनी पाणी ओढायला सुरुवात केली होती. ते पाणी पेस्टीला न जुमानता आतून वर येत होतं आणि निळं होऊन खाली गळत होतं. किती वेळ गळत असेल? रात्रभर? आपण पलीकडच्या खोलीत गाढ झोपलो होतो, हे आठवून रजनीला स्वतःचा संताप आला.

“माय, वेल कुठी गेली?”

वच्छलाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. चुलीतून नुसता धूर निघत होता. “काल मुकुंदा आला होता ना,” त्या डोळे चोळत म्हणाल्या. “तू रामाकोन्याले लग्नाले गेली होती, तवा. तुया भावानं बलावलं होतं, गजेंद्रनं. वेल जराशी लहान कर, अंगणात टिन टाकाचं आहे, त्याखाली मावली पाहिजे म्हणे. मुकुंदानं सारी साफ करून टाकली. लय ओली आहे वं, जळूनच नाई राहिली.”

तेव्हा तिला वास कळला. आपण ज्या पाण्यानं आंघोळ केली ते याच काड्यांवर तापलं होतं. मानेवर, केसांत, पाठीवर जो वास होता तो वेलीचाच. तिनं हातानं चुलीतून काडी ओढली. एक टोक काळं झालेलं, दुसऱ्या टोकातून फेस आणि पाणी. मग दुसरी ओढली, तिसरी ओढली. बोट भाजलं. वच्छलाबाई “काहून वं, काहून पागलावानी करून राहिली” म्हणत राहिल्या. हौदाच्या सावलीत अजून एक मोळी पडलेली होती. ती रजनीनं मुलाला उचलावं तशी दोन्ही हातांनी उचलली आणि पाण्याच्या टाक्यात उभी केली. खालचं टोक खाली, वरचं वर. एवढ्या घाईतही हातांनी काडीवरच्या, कोंब फुटायच्या डोळ्यांची दिशा पाहून घेतली होती. हे हात बाबांनी शिकवलेले होते.

दोन पावसाळ्यांपूर्वी सुचिता नावाची एक बाई पोस्टात पार्सल टाकायला आली होती. कुठल्याशा कृषी महाविद्यालयात ती जुन्या वेली गोळा करण्याचं काम करत होती. पार्सलावर “काड्या, नाजूक” असं लिहिलेलं पाहून रजनीनं सहज विचारलं आणि बोलण्यातून बोलणं निघून ती घरी आली. त्या वर्षी अवकाळी पाऊस इतका पडला की जिथे जिथे म्हणून द्राक्षाचा मांडव होता तिथे भुरीच्या बुरशीनं पानं पांढरी केली होती. या अंगणातली पानं मात्र हिरवीगार. सुचितानं एकेक पान उलटून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. मग मागच्या उन्हाळ्यात, पाण्याची एवढी बोंब असताना, पुन्हा येऊन पाहिलं. “माझ्याकडे दीडशे वेली आहेत, रजनीताई,” ती म्हणाली होती. “आंबटगोड, बिया मोठ्या, बाजारात हिला कुणी उभं करणार नाही. पण उद्या सगळ्यांच्या मांडवाला आग लागेल तेव्हा आम्हांला हिच्याचकडे यावं लागेल. अशी दुसरी मला अजून कुठे दिसलेली नाही.” जाताना ती एक छापील फॉर्म ठेवून गेली. माघ संपता संपता काड्या पाठवा, सोबत हा भरून. फॉर्मवर पहिलाच रकाना होता, जातीचं नाव. तिथे रजनी अडली होती ती अडलीच. वेलीला नाव नव्हतं. घरात तिला “काळी” म्हणत, तसं तर काळ्या कुत्रीलाही म्हणत होते.

आणि आता दुसरी नव्हती, तशी पहिलीही नव्हती. टाक्यात अठरा-वीस काड्या होत्या, अर्ध्या उन्हात सुकलेल्या. अंगणात निळं पाणी गाळणारं एक खोड होतं. एवढंच.

मुकुंद बोलावल्याबरोबर आला. “जयभीम, ताई,” म्हणून त्यानं चपला दाराबाहेर काढल्या. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पाठीला करवत, कमरेला चाकू. बोरगावपासून मोहगावपर्यंतच्या संत्र्याच्या बागांत त्याच्या हाताला मान होता. त्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती, हे पाहून रजनीनं तोंडाशी आलेली शिवी गिळली. “तुम्ही पण कमाल करता, ताई,” तोच म्हणाला. “एवढी जंगली माजू देली! पाहा ना, जोड इथं आहे. अन् हे सारं जोडाखालून आलेलं. खुंटाची फूट होती ते. कलमाची जात दबून गेली होती बिचारी. म्या वाट मोकळी करून देली, आता वरून डोळा फुटन पाहा.”

“वरचं मेलं आहे, मुकुंदभाऊ. चौतीस वर्सं झाले.”

मुकुंद वाकला. गाठीवरच्या वाळक्या लाकडात त्यानं नख रोवलं. भुसा निघाला. तो त्यानं बोटावर चोळून पाहिला. “मले काकानंच शिकवलं,” तो अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “जोडाखालचं ठेवू नोको. बोरगावच्या बागेत म्या एक फूट ठेवली होती, तर दादाराव काकानं कान पिळला होता माया, साऱ्यांसमोर.”

दादाराव म्हणजे तिचे बाबा; त्यांनी तिचाही कान पिळला होता. संत्र्याच्या मुलखात पोर चालायला लागलं की ही एक गोष्ट त्याला कळते: खाली रानटी जांभेरी लिंबाचा खुंट, वर संत्र्याचा डोळा, मधे जोड. जोडाच्या वर फुटेल ती संत्री, खाली फुटेल ती जंगली, काट्यांची, आणि ती लागलीच मोडायची, नाही तर सगळं पाणी तीच पिऊन टाकते. बाबा डोळा भरत तेव्हा मुठीत श्वास धरल्यासारखे बसत. खुंटाच्या सालीला चाकूनं एक चीर, साल हळूच उकलायची, तिच्यात संत्र्याचा डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी. दिवसाला पाचशे डोळे. कुणाच्या बागा, कुणाची संत्री, कुणाची नागपूरकडे जाणारी पेटी. बाबांचे फक्त डोळे. ते अंगणात बसून ही गंमत सांगत आणि स्वतःच हसत.

द्राक्षाच्या या वेलीवरही त्यांनी एकदा कलम केलं होतं. रजनी तेव्हा दहा वर्षांची. कुण्या अधिकाऱ्यानं त्यांचं काम पाहून खूश होऊन त्यांना बिनबियांच्या पांढऱ्या द्राक्षाची काडी दिली होती, आणि घरच्या आंबट काळीचं डोकं छाटून बाबांनी तिच्यावर ती काडी बसवली. दोन वर्षं पांढरी द्राक्षं आली. वस्तीतली माणसं पाहायला येत आणि बाबा गाठीवर हात ठेवून उभे राहत. तिसऱ्या वर्षी भुरी आली, मागून तो भयंकर उन्हाळा, आणि पांढरी वरून खाली वाळत गेली. बाबा बागेच्या कामासाठी महिनाभर बाहेर होते. तेवढ्यात जोडाखालून तांबूस कोंब निघाले. बारा वर्षांची रजनी रोज शाळेत जाण्याआधी ते मोडत असे. तिला आज खोडापुढे उभं राहूनही बोटांत तो आवाज आठवत होता, कोवळा कोंब मोडताना होणारा, आणि नंतर अंगठ्याला लागणारा आंबट चिकटपणा. आपण घराची मोठी सेवा करतो आहोत, या अभिमानानं ती मोडत होती. बाबा परतले तेव्हा एकच कोंब उरला होता, पालापाचोळ्याआड, तिला न दिसलेला. बाबांनी तिचा हात वरच्या वर धरला. “मेलेल्याची राखण करून राहिली काय वं?” ते म्हणाले. “जे जिवंत आहे ते मोडू नोको.” तिनं विचारलं, मग तुम्हीच तर सांगितलं होतं? बाबा गोंधळले. त्यांना गोंधळलेलं तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “ते संत्र्याचं,” ते म्हणाले, आणि पुढे काही न बोलता आंबट कोंबाला काठीचा आधार देऊन हात धुवायला गेले. मेलेली गाठ मात्र त्यांनी कापली नाही. माझ्या हातची आहे, राहू दे, म्हणाले.

गजेंद्र संध्याकाळी दुकान बंद करून आला. धाकटा भाऊ, अंगण त्याच्या वाट्याचं. बुधवारी गवंडी येऊन अंगणात कोबा टाकणार होता, वर टिनाचं शेड, खाली गाडी. वेलीपुरतं आळं सोडायचं असं दिवाळीतच ठरलं होतं. “आता गेलीच ना, ताई,” तो म्हणाला. “म्या काही मारून टाक नव्हतं म्हटलं. पण गेली. मग आळं कायले सोडायचं? सपाट टाकून घेऊ.”

“खोड जिवंत आहे. पाणी सोडून राहिलं, पाहा.”

“तू पण ना! मरतानाही माणसाच्या तोंडातून पाणी येते.” मग तो जरा थांबला, आणि जे त्याच्या मनात लहानपणापासून होतं ते एकदम बाहेर आलं. “ते मोहगावच्या यशवंतराव पाटलाच्या उकिरड्यावरची वेल आहे, ताई. त्यायनं द्राक्षाची बाग खोदून फेकून देली अन् बाबानं फेकलेलं उचलून आणलं. आपण आपलं जन्मभर तेच जपून राहिलो. मले लाज वाटते त्याची. माया अंगणात मले पाटलाचं फेकलेलं नाई पाहिजे.”

रजनीला त्याचा राग यायला हवा होता, आला नाही. त्याची लाज खरी होती. मोहगावच्या त्या बागेत बाबांना विहिरीला हात लावू देत नसत, हे दोघांनाही माहीत होतं. पण लाजेच्या पलीकडची गोष्ट याला कुणी सांगितलीच नव्हती, कारण बाबा ती वेलीखाली बसून सांगत आणि हा तेव्हा क्रिकेट खेळत असे. “उचलली नाई, गजू,” ती म्हणाली. “निवडली. त्या बागेत सहा जातींच्या ओळी होत्या. बाबा तीन वर्सं नुसते पाहत होते. भुरी कोणावर येते, उन्हाळ्यात कोण मान टाकते, कोण नाई. मालकाले माहीत नव्हतं, त्यायनं साऱ्या एका दिवसात खोदल्या. बाबानं पाच ओळींकडे पाहिलं बी नाई. एकीचीच काडी घेतली, धोतरात खोचून आणली. फेकणाऱ्याले काय फेकून राहिला ते समजत नव्हतं, अन् बाबाले समजत होतं. लाज कोणाले वाटली पाहिजे, सांग मले.”

गजेंद्रनं सपाट टाकायचं सांगायला गवंड्याला फोन केला नाही. पण आळं सोडायचंही सांगितलं नाही.

मंगळवारी ती काउंटरवर बसली होती आणि तिच्या पायाशी ओल्या तागात गुंडाळलेल्या नऊ काड्या होत्या. बाकीच्यांपैकी काहींत जीव नव्हता, काही घरी टाक्यात ठेवल्या होत्या. पहाटेच तिनं त्या कापल्या. चार-चार डोळ्यांची काडी, खालचा काप सरळ, वरचा तिरपा; म्हणजे कुणाच्याही हातून उलटी लागायची नाही. सुचिताचा फोन येऊन गेला होता. “काड्यांचं सांगता येत नाही, पाणी उतरलेलं आहे त्यांचं,” ती म्हणाली. “लागल्या तर लागल्या. खोडावर काही टाकू नका, रजनीताई, तेवढं करा. ते खोड झाकलं तर मग काही उरत नाही.” समोर रांग लागली होती. एक म्हातारा हिंदीत भांडत होता, कुणाला महसुली तिकीट हवं होतं, पंखा किरकिरत होता, आणि या सगळ्यात तिला आपल्या केसांतला धूर अजून येत होता. दोनदा न्हाऊनही गेला नव्हता. मधल्या सुटीत तिनं फॉर्म पुढे ओढला. जातीचं नाव. यशवंतरावच्या बागेचं नाव ती देणार नव्हती. मेली तरी देणार नव्हती. “काळी” हे नाव नव्हे. ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली, ज्यांनी एके काळी कोंब मोडले होते. मुकुंदच्या बोटाला लागलेला भुसा तिला आठवला. ज्याला सगळ्यांनी, चांगल्या मनानं, हुशारीनं, शिकवल्याप्रमाणं मोडलं आणि जे तरीही आलं, त्याला काय म्हणायचं? तिनं लिहिलं: जोडाखालची. पुढचा रकाना, जतन करणारा. तिथे तिनं बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि व्यवसाय म्हणून “डोळे भरणे”. शिक्का तिनं स्वतःच मारला, नेहमीपेक्षा जोरानं, इतक्या जोरानं की शेजारच्या काउंटरवरच्या बाईनं वळून पाहिलं.

बुधवारी तिनं रजा टाकली. गवंडी आणि त्याची माणसं आठला आली, रेती-सिमेंटचा गारा कालवायला लागली. रजनीनं पाट आणला आणि खोडापाशी मांडून बसली. ओतकाम भिंतीकडून सुरू झालं आणि ओला कोबा हळूहळू तिच्याकडे सरकू लागला. बसल्या बसल्या ती त्या गाठीकडे पाहत होती. किती सुरेख जोड! बाबांच्या हातचं या घरात आणखी काय उरलं होतं? चष्मा, एक काठी, आणि ही गाठ. माणसं बाबांची आठवण काढून या गाठीला हात लावत. आणि याच गाठीनं वेल मारली होती. गाठ दिसली म्हणून मुकुंदनं जोड ओळखला, जोड दिसला म्हणून खालचं कापलं. पुन्हा कोंब आले तर पुन्हा कुणी तरी, असंच चांगल्या मनानं, येईल आणि कापेल. बाबा, तुम्ही ही त्याच दिवशी कापायला पाहिजे होती, तिला वाटलं. मेलेली होती हे तुम्हांला माहीत होतं. तुम्हांला तुमच्या हाताचा मोह सुटला नाही. हे बाबांना मनात का होईना, पण सरळ बोलल्यावर तिच्या छातीत दुखलं आणि मग मोकळं वाटलं. ती उठली, घरातून करवत आणली आणि गाठीच्या खाली, जिथे साल ओली होती तिथे, करवत लावली.

“ताई, काय करून राहिली?” गजेंद्र ओरडला. “बाबाच्या हातचं आहे ते!”

“म्हणूनच मी कापून राहिली. दुसऱ्या कोणाले नसतं कापू देलं.”

लाकूड चिवट होतं. तिचे हात भरून आले, डोळ्यांत भुसा गेला, पाणी आलं; रडूही असेल. गाठ तुटून मातीत पडली आणि खालचं ताजं लाकूड क्षणात ओलं झालं. आता ते फक्त एक खोड होतं. त्याला वर नव्हतं, खाली नव्हतं. रजनी पाटावर परत बसली, पाय पुढे पसरले, आणि गवंड्याला म्हणाली, “इथंपर्यंत या. माया पायाच्या पुढे एक घमेलं बी टाकायचं नाई.”

गवंड्यानं गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रनं पडलेल्या गाठीकडे पाहिलं. तेवढ्यात आतून वच्छलाबाई निघाल्या, ओल्या कोब्याच्या कडेकडेनं लुगडं सावरत आल्या, डोक्यावर घमेल्यात विटा, चार. त्या त्यांनी रजनीच्या पायांपुढे एकेक करून ओळीनं मांडल्या, परत गेल्या आणि आणखी चार घेऊन आल्या. “म्या चुलीत घातली ना तिले,” त्या कुणाकडेच न पाहता म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला विटा गजेंद्रनं त्यांच्या हातून घेतल्या. खोडाभोवती दोन-दोन हात जागा सोडून त्यानंच त्या लावल्या, तोंड वाकडं करून.

फाल्गुन अर्धा गेला. सुचिताकडच्या नऊतल्या चार काड्यांनी डोळे उघडले, असा निरोप आला. घरच्या टाक्यातली एक. खोड मात्र गप्प होतं. पाणी गळायचं थांबलं, काप तपकिरी झाला, आणि रजनी रोज सकाळी विटांच्या आळ्यापाशी चहाचा कप घेऊन बसू लागली. ती प्रार्थना वगैरे करत नव्हती. ती हट्ट करत होती. मग एका रविवारी मुकुंद आला. बोलावलेला नव्हता, तो दर रविवारी काही तरी निमित्त काढून डोकावत असे, आणि आळ्यापर्यंत न येता दारातूनच जात असे. आज रजनीनं त्याला हातानं जवळ बोलावलं. खोडाच्या सालीतून, अगदी मातीलगत, तांबूस टोकं निघाली होती. एक नाही, सात.

मुकुंद उकिडवा बसला. त्याचा उजवा हात सवयीनं पुढे गेला. अंगठा आणि बोट कोंबापाशी पोचलीही, आणि तिथेच थांबली. त्यानं तो हात मागे घेतला, दुसऱ्या हातानं पाठीमागे धरून ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

“ताई, कोणती एक फूट ठेवू?”

“साऱ्या,” रजनी म्हणाली.